नाव लिहा, खुर्ची आमचीच आहे

पक्षाने तिकीट कापलं की पुढे काय होतं, हे मराठी वाचकाला शिकवायला नको. सकाळी अन्याय होतो, दुपारी कार्यकर्त्यांचा आग्रह होतो आणि संध्याकाळपर्यंत अपक्ष म्हणून अर्ज भरला जातो. अमेरिकेतल्या अलास्का राज्याच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांच्यावर २०१० साली असाच अन्याय झाला. कार्यकर्त्यांचा आग्रहही यथासांग झाला. अडचण एवढीच की अर्ज भरायची मुदत उलटून गेली होती. मतपत्रिकेवर आता नाव येणं शक्य नव्हतं. बाईंनी त्यावर काढलेला तोडगा आपल्याकडच्या मुरलेल्या बंडखोरांनाही सुचलेला नाही. मतपत्रिकेवर आमचं नाव नसेल तर तुम्ही ते लिहा, असं त्यांनी मतदारांना सांगितलं.

तोडग्याकडे येऊच. आधी घराणं पाहू, कारण घराणं पाहिल्याशिवाय आपल्याला राजकारण कळत नाही.

लिसाबाईंचे वडील फ्रँक मर्कोव्स्की दोन दशकं सिनेटर होते. २००२ साली ते राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि त्यांची सिनेटची जागा रिकामी झाली. रिकाम्या जागेवर माणूस नेमायचा अधिकार गव्हर्नरचा, म्हणजे त्यांचाच. त्यांनी इच्छुकांची यादी केली, मुलाखती घेतल्या, सखोल विचार केला आणि अखेर सबंध अलास्कात या पदाला सर्वांत लायक व्यक्ती आपली मुलगी आहे, या निष्कर्षाला आले. ज्यांच्या मुलाखती वाया गेल्या त्यांत वासिला गावच्या माजी महापौर सारा पेलिन होत्या. हे नाव लक्षात ठेवा, बाई पुन्हा येणार आहेत.

अलास्काची जनता चिडली. २००४ साली तिने थेट मतदानाने गव्हर्नरचा हा नेमणुकीचा अधिकारच काढून घेतला. आणि त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर, लिसाबाईंना सहा वर्षांसाठी निवडूनही दिलं. पुढच्या बापांना बंदी, या लेकीला माफी. मतदार राजा असतो असं म्हणतात. राजांचा असा लहरीपणा इतिहासात जागोजागी आढळतो.

फ्रँकरावांना माफी मिळाली नाही. गव्हर्नर असताना त्यांनी राज्याच्या पैशाने जेट विमान घेतलं. ज्या राज्याच्या राजधानीला, जुनोला, बाहेरून एकही रस्ता जात नाही, तिथे विमान ही चैन म्हणता येणार नाही; पण जेट ही नक्कीच होती. २००६ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत गव्हर्नरसाहेब तिसरे आले. पहिल्या आल्या सारा पेलिन. गव्हर्नर झाल्यावर ते जेट ईबेवर विकायला काढल्याची गोष्ट त्यांनी पुढे देशभर सांगितली. ईबेवर ते विकलं गेलं नाही, शेवटी दलालामार्फत गेलं. पण सभेत तेवढा तपशील कोण विचारतो?

तर २०१०. टी पार्टी चळवळीचं वारं जोरात होतं. वॉशिंग्टनमध्ये बसलेला प्रत्येक जण चोर आणि सरकारी खर्च हे पाप, असा तो काळ. फेअरबँक्सचे वकील जो मिलर लिसाबाईंच्या विरोधात त्यांच्याच रिपब्लिकन पक्षातून उभे राहिले. पाठीशी पेलिनबाई आणि टी पार्टी एक्स्प्रेस या गटाचा पैसा. लिसाबाईंच्या प्रचाराच्या खात्यातही पैसा पडून होता आणि तो पडूनच राहिला, कारण आपण पडू असं त्यांना वाटलंच नव्हतं. २४ ऑगस्टला मतदान झालं आणि विद्यमान सिनेटर दोनेक हजार मतांनी हरल्या. राज्यातले निम्म्याहून कितीतरी जास्त मतदार त्या दिवशी घरीच होते. पक्षांतर्गत निवडणुकीला उत्साही माणसं येतात, आणि उत्साही माणसं सहसा कोणावर तरी रागावलेली असतात.

आठवड्याने बाईंनी हार मान्य केली. पक्षशिस्त, लोकमताचा आदर, वगैरे. मग बाईंना आपलं चुकल्याचं लक्षात आलं.

आधी लिबर्टेरियन पक्षाकडे चाचपणी झाली, कारण त्यांच्या उमेदवाराची जागा बदलून घेता आली असती. शासन जितकं कमी तितकं बरं असं मानणारा हा पक्ष. त्याच्याकडे कधी कोणी सिनेटर फिरकत नाही. दारात चालून आलेली सिनेटर पाहून कोणताही पक्ष विरघळला असता. हे विरघळले नाहीत. तत्त्वात बसत नाही, म्हणाले. तत्त्वासाठी सिनेटची जागा सोडणारा पक्ष आयुष्यभर छोटाच का राहतो, याचं उत्तर इथेच मिळालं.

राहिला एकच मार्ग. अलास्काच्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या यादीखाली एक रेघ कोरी असते. शेजारचा लंबगोल काळा करायचा आणि रेघेवर हव्या त्या माणसाचं नाव लिहायचं. या रेघेवर सहसा मिकी माउस निवडणूक लढवतो. या मार्गाने सिनेटवर निवडून येणारा आधीचा माणूस म्हणजे साउथ कॅरोलायनाचा स्ट्रॉम थर्मंड, १९५४ साली. मधली छप्पन वर्षं ती रेघ कोरी किंवा विनोदी होती.

आता आडनाव पाहा. मर्कोव्स्की. इंग्रजीत नऊ अक्षरं, पोलिश वळणाची, दोनदा ‘के’, मध्ये उगाच एक ‘डब्ल्यू’. बाई शहा किंवा पाटील असत्या तर ही सगळी कहाणी अर्ध्यावर आटोपली असती.

मग सुरू झाला अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत महागडा शुद्धलेखनाचा वर्ग. रबरी मनगटपट्ट्यांवर नाव, अंगावर चिकटवायच्या तात्पुरत्या गोंदणांवर नाव, टीव्हीवरच्या जाहिरातींत अक्षर-अक्षर नाव. लंबगोल भरा, नाव लिहा. लंबगोल भरा, नाव लिहा. बेकारी, तेल, आरोग्यविमा, अफगाणिस्तान हे विषय मागे पडले आणि राज्यापुढचा मुख्य प्रश्न ‘डब्ल्यू’ कुठे येतो हा झाला. यातली खरी मौज अशी की मोहिमेच्या सुरुवातीच्या एका जाहिरातीत बाईंच्याच संकेतस्थळाच्या पत्त्यात त्यांच्या नावाची अक्षरं उलटसुलट झाली होती. मास्तरच नापास.

मतदान केंद्रावर अशा हाताने लिहायच्या उमेदवारांची यादी ठेवावी का, यावरही कज्जा झाला. विरोधकांचं म्हणणं, यादी दिली तर ती कॉपी झाली. न्यायालयाने यादी ठेवायला परवानगी दिली. लगेच एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांना चिथावलं की तुम्हीही या यादीसाठी अर्ज भरा, ती इतकी लांब करा की बाई सापडता कामा नयेत. लोक गेले आणि भराभर अर्ज भरून आले. यादीत दीडशेच्या वर नावं. आपल्याकडे एकाच नावाचे चार डमी उभे करावे लागतात; तिथे डमींची फौज एका दुपारी फुकट उभी राहिली. निवेदकाला मात्र त्याच्या केंद्राने घरी बसवलं.

मिलरसाहेबांकडे आता करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. मतपत्रिकेवर नाव छापलेलं, शेजारी पक्षाचं नाव, सरळ रस्ता. फक्त तोंड बंद ठेवायचं आणि लोकांना त्रास द्यायचा नाही. ते त्यांना जमलं नाही. १७ ऑक्टोबरला अँकरेजच्या एका शाळेत त्यांची सभा होती. सभेनंतर प्रश्न विचारायला मागे लागलेल्या एका पत्रकाराला त्यांच्या खासगी सुरक्षारक्षकांनी हातकड्या घालून बसवून ठेवलं. सरकार नागरिकांच्या स्वातंत्र्यावर गदा आणतंय, हा मिलरसाहेबांच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. पोलिसांनी, म्हणजे त्याच सरकारने, येऊन पत्रकाराला सोडवलं.

पत्रकाराला विचारायचं होतं ते प्रकरणही पुढच्या काही दिवसांत न्यायालयाच्या आदेशाने बाहेर आलं. २००८ साली मिलर फेअरबँक्सच्या स्थानिक प्रशासनात अर्धवेळ वकील होते. राज्य पक्षाध्यक्षाला हटवावं का, असा एक ऑनलाइन कौल त्यांनी आपल्याच संकेतस्थळावर घेतला. सहकारी जेवायला गेलेले पाहून त्यांच्या संगणकांवरून स्वतःच मतं टाकली, मागच्या खुणा पुसल्या, विचारल्यावर आधी नाकारलं, मग कबूल केलं. शिक्षा झाली ती तीन दिवस बिनपगारी. पुढे याच गृहस्थांनी मतमोजणीच्या पावित्र्यासाठी न्यायालयांच्या पायऱ्या झिजवल्या. केंद्राचा पैसा घेणं वाईट, असंही ते सांगत. कॅन्ससमधल्या आपल्या जमिनीसाठी त्यांनी एके काळी केंद्राचं शेती अनुदान घेतलं होतं, हे मात्र विचारल्यावर सांगत.

मिलर पडले ते हातकड्यांमुळे, असं सांगितलं जातं. माझं मत निराळं आहे. ते पडले ते केंद्राच्या पैशाबद्दलच्या बोलण्यामुळे, कारण अलास्कात असं बोलायचं नसतं.

हे राज्य समजून घ्यायला हवं. आकार महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठा, लोकसंख्या तेव्हा सात लाखांच्या थोडी वर. आयकर नाही. उलट सरकारच दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला तेलाच्या पैशातून धनादेश पाठवतं. २०१० साली तो माणशी १,२८१ डॉलरचा होता. आणि वर केंद्राचा पैसा धो-धो. जुने सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी चाळीस वर्षं हेच काम केलं. पन्नासेक वस्तीच्या ग्रॅव्हिना बेटाला जोडणाऱ्या पुलासाठी २२३ दशलक्ष डॉलर मंजूर झाले होते, तेही याच परंपरेत. देशभर त्या पुलाची ‘कुठेच न जाणारा पूल’ म्हणून टिंगल झाली. अँकरेजचा विमानतळ तर स्टीव्हन्स पदावर असतानाच त्यांच्या नावाचा झाला. आपल्याकडे निदान जाईपर्यंत थांबायची पद्धत आहे. स्वावलंबन, बंदूक, अस्वल आणि स्वातंत्र्य यांच्या गप्पा मारणारं हे राज्य दिल्लीकडे, आपलं, वॉशिंग्टनकडे डोळे लावून जगतं. तिथे जाऊन ‘नळ बंद करा’ म्हणणारा माणूस शूर असेल, पण निवडून येणारा नव्हे.

१९७१ च्या कायद्याने तिथल्या आदिवासी समाजांच्या जमिनी आणि पैसा सांभाळायला कंपन्या स्थापन झाल्या. केंद्राची कंत्राटं हा त्यांचा मोठा आधार. मिलर आले तर आपलं काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या वर्षी जानेवारीतच सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना निवडणुकीत हवा तितका स्वतंत्र खर्च करायची मोकळीक दिली होती. या कंपन्यांनी दहा लाखांहून जास्त डॉलर लिसाबाईंच्या बाजूने ओतले. मजूर संघटनाही आल्या. ऑगस्टमध्येच विमान अपघातात गेलेल्या स्टीव्हन्स यांची बाईंसाठी आधी चित्रित केलेली जाहिरात, कुटुंबाच्या संमतीने, शेवटच्या टप्प्यात झळकली. दिवंगत नेत्याने प्रचारात उतरणं आपल्यालाही नवं नाही; आपल्याकडे फक्त तसबीर असते.

विद्यमान सिनेटर पडत का नाही, याचं उत्तर इथे आहे. त्याचं भाषण कोणाला आठवत नसतं. पण त्याच्या पडण्याने ज्यांची फाइल अडणार असते ते सगळे त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभे असतात. २०२२ साली फेरनिवडणुकीला उभा राहिलेला एकही सिनेटर पडला नाही. १९१४ पासून सिनेटर थेट जनतेतून निवडायला लागल्यावर असं प्रथमच झालं. त्या सगळ्यांवर देशाचं एवढं प्रेम होतं, असं मानायला कोणतेही जनमत चाचणीवाले तयार नाहीत.

निकालाकडे येऊ. जुनोत हाताने मोजणी सुरू झाली. एकेक मतपत्रिका उचलायची, रेघेवरचं हस्ताक्षर वाचायचं आणि ठरवायचं. मिलर यांचे निरीक्षक हरकती घेत होते. एक अक्षर गाळलं, हरकत. शेवटी ‘वाय’ लावला, हरकत. स्पेलिंग बरोबर पण अक्षर गिचमिड, तरी हरकत. आठ हजारांच्या वर हरकती झाल्या. कायद्याप्रमाणे नाव उमेदवारीच्या अर्जात जसं लिहिलंय अगदी तसंच हवं, असा मिलर यांचा आग्रह. मतदाराच्या मनात काय आहे ते कळलं म्हणजे झालं, असं निवडणूक अधिकाऱ्यांचं म्हणणं. ज्या राज्यात गावंच्या गावं घरी युपिक आणि इनुपियाक बोलतात तिथे पोलिश आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग ही मताधिकाराची अट करायला निघालेला पक्ष स्वतःला जनतेचा आवाज म्हणवत होता.

गंमत अशी की या हरकतींनी काही बिघडणार नव्हतं. बाई दहा हजारांच्या वर मतांनी पुढे होत्या. हरकत घेतलेलं प्रत्येक मत बाद केलं असतं तरी दोन हजारांनी पुढेच राहिल्या असत्या. एक लाखाहून जास्त माणसांनी त्यांचं नाव हाताने लिहिलं होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांनी अगदी बरोबर. हे विसरायचं म्हटलं तरी आपल्याला जमणार नाही. आपल्या पदवीधर मतदारसंघात पदवी घेतलेली माणसं पसंतीचा ‘१’ आकडाही धड लिहू शकत नाहीत आणि दर वेळी हजारोंनी मतं बाद होतात. तिथे कोळ्यांनी, ट्रकचालकांनी, तेलकामगारांनी नऊ अक्षरं लिहिली. विद्यापीठांनी चौकशी समिती नेमावी.

मिलर न्यायालयात गेले आणि डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. वर्ष संपता संपता निकालावर शिक्का बसला.

आता ‘जनतेचा विजय’ या वाक्याचं काय करायचं? बाईंना ३९ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. म्हणजे दर दहातल्या सहा जणांनी दुसरंच कुणी निवडलं होतं. डेमोक्रॅटिक पक्षाचे स्कॉट मॅक्अॅडम्स हे सिट्काचे महापौर, चांगला माणूस, तिसरे आले. त्यांच्याच पक्षाच्या बऱ्याच मतदारांनी मिलर नको म्हणून नाक दाबून मर्कोव्स्की लिहिलं. पक्षाला नको असलेली बाई विरोधी पक्षाच्या मतांवर निवडून आली आणि त्याच पक्षाच्या बाकावर जाऊन बसली. पक्षाने मिलरला पाठिंबा दिला होता. निकालानंतर बाईंकडची ऊर्जा समितीतली ज्येष्ठ जागा काही काढून घेतली नाही. बंडखोर जिंकला की तो बंडखोर राहत नाही. हा नियम जगभर एकच आहे.

कनेक्टिकटच्या जो लिबरमन यांनी २००६ साली हाच खेळ थोडा सोपा खेळला होता. पक्षात हरले, ‘कनेक्टिकट फॉर लिबरमन’ नावाचा पक्ष काढला, जिंकले आणि पक्षाला विसरून गेले. मग त्यांच्यावर टीका करणाऱ्या एका प्राध्यापकाने त्या पक्षात एकट्याने नाव नोंदवलं आणि स्वतःला अध्यक्ष निवडून घेतलं. पक्षफुटीवर वर्षानुवर्षं खटले चालवणाऱ्यांनी ही पद्धत अभ्यासावी.

दर वेळी राज्याला शुद्धलेखन शिकवणं परवडणारं नव्हतं. २०२० साली अलास्काने निसटत्या बहुमताने नियमच बदलले. पक्षांतर्गत निवडणूक रद्द. सगळे एका मैदानात, पहिले चार पुढे, अंतिम फेरीत पसंतीक्रम. हा प्रस्ताव रचण्यात पुढाकार होता तो एके काळी बाईंच्याच प्रचारात काम केलेल्या वकिलाचा. योगायोग मोठा असतो.

त्याचा उपयोगही लगेच झाला. २०२१ च्या फेब्रुवारीत बाईंनी ट्रम्प यांना महाभियोगात दोषी ठरवायला मत दिलं. राज्य पक्षाने त्यांचा निषेध केला. बाईंच्या विरोधात नाडी चालू असलेला कोणीही चालेल, असं ट्रम्प यांनी आधीच जाहीर केलेलं होतं. बाईंच्या विरोधात उभ्या राहिलेल्या केली त्शिबाका यांची नाडी चालू होती. २०२२ च्या जुलैत ट्रम्प स्वतः अँकरेजला सभा घेऊन गेले. तिकडे सिनेटमधले पक्षनेते मॅक्कॉनेल यांच्या गटाने लाखो डॉलर बाईंसाठी खर्चले, म्हणून राज्य पक्षाने मॅक्कॉनेल यांचाही निषेध केला. निषेधाच्या कागदाला तिथे खर्च येत नसावा. पहिल्या पसंतीत दोघींत एक टक्क्याचाही फरक नव्हता. खालच्या पसंतीची मतं वाटली आणि बाई जवळपास ५४ टक्क्यांवर जिंकल्या. जुन्या पद्धतीत त्या पक्षाच्या अंगणातच गारद झाल्या असत्या. ही नवी पद्धत रद्द करायचा प्रस्ताव २०२४ ला आला आणि हजाराहून कमी मतांनी पडला.

पक्षाच्या तावडीतून इतक्या कष्टाने सुटलेला सिनेटर मग स्वतंत्र बुद्धीने वागतो, अशी आशा वाटणं साहजिक आहे. १ जुलै २०२५ ला ट्रम्प यांचं महाकाय कर-विधेयक सिनेटमध्ये अडकलं. बाईंना ते आवडलं नव्हतं, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. मत बाजूने दिलं. ५०-५० अशी बरोबरी झाली, उपाध्यक्षांच्या मताने विधेयक पार पडलं. कायद्यात अलास्कासाठी सवलती आल्या. त्यांतली एक म्हणजे व्हेलच्या पारंपरिक शिकारीला होडी नेणाऱ्या कप्तानाची करवजावट दहा हजार डॉलरवरून पन्नास हजारांवर गेली. हे विधेयक असंच कायदा होऊ नये, खालच्या सभागृहाने त्यात सुधारणा करावी, असं बाईंनी मतदानानंतर सांगितलं. खालच्या सभागृहाने दोन दिवसांत ते जसंच्या तसं मंजूर केलं.

बाईंची सध्याची मुदत जानेवारी २०२९ ला संपेल. अलास्का राज्य झालं जानेवारी १९५९ मध्ये आणि फ्रँकराव सिनेटमध्ये गेले जानेवारी १९८१ मध्ये. म्हणजे राज्याच्या पहिल्या सत्तर वर्षांपैकी अठ्ठेचाळीस वर्षं ती एक जागा एकाच घरात राहिलेली असेल.